समुद्राकडचा गोल

४ जुलै

नॅटनं ही वही दिली. म्हणाली, "मला तर तू काही सांगत नाहीस. निदान हिला सांग." बायकोला नाही म्हणायची माझी छाती नाही, म्हणून बसलोय लिहायला.

तर वहीबाई, ओळख करून देतो. मी ली अ‍ॅक्रॉइड. सगळे अ‍ॅकी म्हणतात. वय चौतीस. चौथ्या श्रेणीतल्या थॉर्नसी टाऊनचा सेंटर-हाफ, पाठीवर पाच नंबर. माझं काम सोपं आहे: आमच्या गोलसमोर हवेतून जे काही येईल ते डोक्यानं बाहेर काढायचं. ज्यांना पायांनी नक्षी काढता येते ते वरच्या श्रेणीत खेळतात आणि टीव्हीवर दिसतात. आम्ही कपाळावर पोट भरतो.

या वर्षी करारात एक कलम आहे. हंगामात तीस सामने सुरुवातीपासून खेळलो तर करार आपोआप एक वर्ष वाढतो. नाही खेळलो तर मे महिन्यात हातात नारळ. मला ते एक वर्ष हवंय. सोळाव्या वर्षापासून दुसरं काही केलेलं नाही आणि दुसरं काही येतही नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

आज डोक्याची परीक्षा झाली. दर हंगामाआधी क्लबच्या डॉक्टरबाई घेतात. पाच शब्द सांगतात, इकडचं तिकडचं विचारतात आणि थोड्या वेळानं म्हणतात, आता ते शब्द सांगा. मग एका पायावर उभं करतात. पुढे डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा घेतात आणि आजच्या गुणांशी ताडून बघतात. घसरला असाल तर बसा घरी.

आता खरी गंमत. आजच गुण कमी मिळाले तर पुढे घसरायला जागाच उरत नाही! आम्ही जुने बचावपटू सगळे हेच करतो. मी "कंदील, साबण" म्हणालो, कपाळ खाजवलं, छताकडे पाहिलं आणि म्हटलं, "गेले हो बाकीचे." एका पायावर असा डुललो की डॉक्टरबाईंनी दंड धरला. नाटक कंपनीत नाव काढलं असतं मी. पाचही शब्द मला आत्ता पाठ आहेत: कंदील, साबण, घोडा, पूल, मीठ.

नॅटला सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही.

१२ ऑगस्ट

पहिला सामना, तोही घरच्या मैदानावर. जिंकलो, एक-शून्य!

पण एक विचित्र गोष्ट. शेवटच्या काही मिनिटांत समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे ते भर उन्हाळ्यातही येतं आणि आधी समुद्राकडचा गोल गिळतं. त्याच गोलवर त्यांना कॉर्नर मिळाला. मी त्यांच्या धिप्पाड फॉरवर्डला धरून कॉर्नरपासून लांबच्या गोलखांबाशी उभा होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अ‍ॅकी, जवळचा खांब!"

म्हाताऱ्या माणसाचा, खरखरीत, अस्सल थॉर्नसीचा आवाज. मी विचारसुद्धा केला नाही, पळत सुटलो. आणि चेंडू नेमका तिथेच आला. कपाळानं तो थेट स्टँडमध्ये भिरकावला.

नंतर आमच्या गोलकीपरला, ओवेनला, मिठी मारली. मोठ्या क्लबनं वर्षभरासाठी उसना दिलेला पोरगा, एकवीस वर्षांचा, अबोल. म्हटलं, "शाबास लेका! असाच ओरडत जा."

तो म्हणाला, "मी कुठे ओरडलो? मी काही बोललोच नाही."

खरंच आहे म्हणा. ओवेनला जेवताना पाव हवा असला तरी बोट दाखवतो.

१४ सप्टेंबर

आज जरा टरकली. लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

आमच्या स्टँडखाली एक बुटकी खोली आहे. तिथे तुळईला दोरीनं एक जुना चामडी चेंडू टांगलाय. तो रॉन टिलोट्सननं टांगला. रॉन म्हणजे माझ्या आधीच्या जमान्यातला पाच नंबर, पुढे आम्हा शिकाऊ पोरांचा मास्तर. सकाळभर त्या चेंडूला डोकं मारायला लावायचा. "डोळे मिटलेस तर घरी जाऊन विणकाम कर," म्हणायचा. चार वर्षांपूर्वी गेला. त्याची राख समुद्राकडच्या गोलच्या जवळच्या खांबाशी पुरली आहे. अर्धं गाव तिथेच पुरून घ्यायचं म्हणतं, आमचा माळी वैतागतो. रॉनच्या वेळी फावडं माझ्या हातात होतं.

तर आज सराव संपल्यावर मोजे विसरलो म्हणून परत आलो. सगळे गेलेले. आणि स्टँडखालून आवाज, धप्... धप्... धप्. खाली गेलो. दार उघडं, दिवा चालू, आत कुणी नाही. चेंडू मात्र दोरीवर चांगला जोरात झुलत होता, आत्ताच कुणी डोकं मारून बाजूला झाल्यासारखा. "कोण आहे रे?" म्हणून ओरडलो. दोरी करकरली, बस्स. भिंतीवरच्या खिळ्याला माझं जॅकेट लटकलं होतं. ते तिथे कुणी नेलं, कळायला मार्ग नाही. कुणाची तरी थट्टा असणार. सापडला तर त्याच्या बुटात मिरची घालतो.

घरी आलो तर नॅट म्हणाली, "कपाळाला काय झालं? लालबुंद झालंय."

"उन्हानं असेल."

"ऊन? थॉर्नसीत?"

७ ऑक्टोबर

बरोबरी. आवाजानं आज दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा बरोबर.

शेवटी राहवेना. गोलमागे रॉनच्या बायकोची, टिलोट्सनबाईंची, चहाची टपरी आहे. लोक पांगल्यावर गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, रॉन मैदानात फार ओरडायचा का हो?"

"ओरडायचा? अरे बाळा, जेवताना मीठ मागायचा तर शेजारचे खिडकी उघडायचे."

"मला मागून कुणीतरी ओरडून सांगतं. चेंडू कुठे पडणार ते."

बाई फडक्यानं फळी पुसत होत्या. हात थांबला. मग म्हणाल्या, "रॉनलाही ऐकू यायचं."

"कुणाचं?"

"अल्बी स्टोर्सचं. रॉनच्या आधीचा पाच नंबर. तो गेल्यावर काही वर्षांनी सुरू झालं. काय खेळला रॉन त्या हंगामात! पेपरात फोटो छापून आला."

"मग?"

"मग काय. शेवटी शेवटी त्याला माझं नाव सापडेना. सकाळी उठायचा आणि घरातल्या सपाता घालून इथे यायचा. त्या खांबामागे उभा राहून ओरडत सुटायचा. सामना नसला तरी. रिकाम्या मैदानावर. मी हाताला धरून घरी न्यायची." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाळा, डॉक्टरला दाखव रे."

"अहो, मी ठणठणीत आहे!"

आधी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना छाती फुगली. अल्बीनं रॉनला सांभाळलं, आता रॉन मला सांभाळतोय. असं भाग्य कुणाला मिळतं? गॅफरना, म्हणजे आमच्या मॅनेजरांना, सांगायचा मोह झाला होता. नको. वेड्यात काढतील आणि बाकावर बसवतील.

१८ नोव्हेंबर

डोक्यावर डोकं आदळलं. कुणाचं ते मला सांगितलं होतं, विसरलो. मला बाहेर आणलं. एरिननं विचारलं, "बाबा, किती गोल झाले?" म्हटलं, "सामना उद्या आहे ना राणी." ती खदखदून हसली. नॅट हसली नाही.

एरिन म्हणजे माझी मुलगी. आठ वर्षांची. हे लिहून ठेवलेलं बरं.

३० नोव्हेंबर

पास! पास! पास!

आज डॉक्टरबाईंनी परीक्षा घेतली. क्लबकडे शब्दांचा एकच कागद आहे, त्यामुळे शब्द तेच. मी ठरवून गेलो होतो की पाचही मनात धरायचे आणि त्यातले दोनच सांगायचे. बाई थोड्या गप्पा मारून म्हणाल्या, "हं, आता सांगा."

कंदील. साबण.

पुढे काही येईना. मी नाटक करत नव्हतो, वहीबाई. खरंच शोधत होतो. आत नुसतं समुद्रावरचं धुकं. बाई थांबल्या, मी थांबलो. "बास?" म्हणाल्या. म्हटलं, "बास." एका पायावर उभा राहिलो तर डुललो, तेही आपोआप. त्यांनी जुलैचा कागद शेजारी ठेवून पाहिला आणि हसल्या. "अगदी जुलैइतकेच. काडीचाही फरक नाही. शनिवारी खेळा."

गाडीत बसून ही वही काढली आणि पहिलं पान उघडलं. घोडा, पूल, मीठ. वाचले, पण ओळखीचे वाटेनात. दुसऱ्याच कुणीतरी माझ्या अक्षरात लिहिल्यासारखे. तिथेच काच खाली करून बसून राहिलो.

पण पास तो पास. युक्ती माझीच आणि ती लागू पडली, मग रडायचं कशाला? येताना एरिनला चॉकलेट घेतलं.

११ डिसेंबर

भांडण. लग्नानंतरचं सगळ्यात मोठं.

एरिनला शाळेतून आणायचं होतं. निघालो होतो, नक्की निघालो होतो. मग नॅट माझ्यासमोर उभी होती आणि मी मैदानात, समुद्राकडच्या गोलात, जवळच्या खांबाला हात लावून. पाऊस पडत होता. एरिन गाडीत बसून रडत होती.

"पोरगी शाळेच्या दारात एकटी उभी होती, ली! सगळी मुलं गेली तरी!"

"सरावाला आलो होतो."

"आज सोमवार आहे. सोमवारी सराव नसतो. तुला हे ठाऊक आहे."

घरी आल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "त्या डॉक्टरबाईंना जुलैची थट्टा सांग. सांग की ते गुण खोटे होते. म्हणजे त्यांना कळेल तू कुठून कुठे घसरलायस."

"सांगितलं तर त्याच दिवशी खेळणं बंद."

"होऊ दे बंद!"

"आणि मग मी कोण?"

ती पुढे आली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझा नवरा. एरिनचा बाप. कमी आहे का?"

कमी नाही. पण तीस सामने व्हायला हवेत. शेवटी तोडगा निघाला. तिसावा सामना झाला, वाढीव वर्ष पदरात पडलं की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंना सगळं सांगायचं. एरिनच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. नॅटनं मान डोलावली, पण मिठी मारली ती सुटता सुटेना.

९ फेब्रुवारी

नॅटनं ही वही दिली. म्हणाली, "मला तर तू काही सांगत नाहीस. निदान हिला सांग." बायकोला नाही म्हणायची माझी छाती नाही.

तर वहीबाई, ओळख करून देतो. मी ली अ‍ॅक्रॉइड. सगळे अ‍ॅकी म्हणतात.

१६ मार्च

काय खेळतोय मी! गॅफर सगळ्यांसमोर म्हणाले, "या म्हाताऱ्याकडे बघा. चेंडू सुटायच्या आधी हा तिथे पोचलेला असतो. शिका काहीतरी." पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्थानिक पेपरवाला येऊन फोटो काढून गेला.

आवाज आता प्रत्येक सामन्यात येतो. दुसऱ्या गावी गेलो तरी येतो, फक्त तिथे जरा लांबून आल्यासारखा. मी मागे वळून बघत नाही. कधीतरी बघावंसं वाटतं, पण रॉनला ते आवडणार नाही असं वाटतं.

जानेवारीत क्लबनं क्वामे नावाचा नवा सेंटर-हाफ घेतलाय. बावीस वर्षांचा, देवमाशासारखा थोराड आणि गुणी. उद्या माझी जागा तोच घेणार, दिसतंय. त्याला स्टँडखाली नेऊन दोरीवरच्या चेंडूवर डोकं मारायला शिकवलं. "डोळे मिटलेस तर घरी जाऊन विणकाम कर," म्हटलं. तो म्हणाला, "अ‍ॅकी, एक सांगू? तू इथे रोज येतोस ना सराव संपल्यावर? खालून धपधप ऐकू येतं. एवढं नको करूस. तासभर चालतं."

मी म्हटलं, "मी नाही. तो रॉन."

क्वामे हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला.

२० एप्रिल

झाले! तीस! रेफरीनं शेवटची शिटी मारली आणि मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. ओवेन धावत आला आणि चक्क ओरडला, "अ‍ॅकी, झाले रे तीस!" त्याचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. गोड आहे.

आणखी एक वर्ष. पुढच्या हंगामातही पाच नंबर माझ्याच पाठीवर. नॅटनं केक आणला होता. एरिननं त्यावर क्रीमनं पाच काढला होता, उलटा. मला रडू आलं. एवढा आनंद मला झेपत नाही, वहीबाई.

रात्री झोपताना नॅट म्हणाली, "आता आपलं ठरलेलं." म्हटलं, "हो तर! ठरलेलं म्हणजे ठरलेलं."

२७ एप्रिल

हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. गॅफर म्हणाले, "तुझं काम झालं. आज क्वामेला खेळू दे, तू आरामात बघ." वाईट वाटलं नाही. स्टँडमध्ये बसलो आणि शांतपणे सामना बघितला. धुकं होतं, समुद्राकडचा गोल नीट दिसत नव्हता. तरी मला सगळं अगदी जवळून दिसत होतं. गवताची पाती दिसत होती. क्वामेची पाठ हाताला लागेल इतकी जवळ होती. बघायला जागा चांगली मिळाली म्हणायची.

शेवटी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. क्वामे लांबच्या खांबाशी. मला दिसत होतं चेंडू कुठे पडणार ते. आणि पठ्ठ्या सुटला, जवळच्या खांबाकडे, डोळे उघडे ठेवून! चेंडू थेट बाहेर. शिकवलेलं वाया गेलं नाही.

सामन्यानंतर तो धावत माझ्याकडे आला, घामानं निथळत. "अ‍ॅकी, तू ओरडलास म्हणून वाचलो बघ."

"मी कुठे ओरडलो? मी काही बोललोच नाही."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. टिलोट्सनबाई कुठून आल्या कोण जाणे, माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात धरला, घट्ट. "चल बाळा, घरी जाऊ," म्हणाल्या. "तुझ्या बायकोला फोन केलाय मी." मला बाईंचं हसू आलं. गाडी चालवायला मला कुणाची मदत लागते? पण त्यांना बरं वाटावं म्हणून हात सोडवून घेतला नाही.

नॅट आली. तिनं घरी आणलं. आल्यावर मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आठ दिवस झाले, ली. डॉक्टरबाईंना सांगणार होतास ना?"

"काय सांगणार होतो?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फोडलंय. मी मनापासून आठवून पाहिलं. काहीतरी होतं खरं. शब्द होते काही. पहिला येतोय, कंदील.

मग ती खाली बसली आणि माझ्या पायांतल्या सपाता काढू लागली. घरातल्या सपाता. चिंब भिजलेल्या, तळाला गवत आणि गोलरेषेचा पांढरा चुना. ती त्या हातात घेऊन तशीच जमिनीवर बसून राहिली आणि खांदे हलायला लागले.

म्हटलं, वेडे, रडतेस कशाला, करार वाढलाय, अजून एक वर्ष मी इथेच आहे. म्हणजे म्हणायला गेलो, पण आवाजच फुटेना. घसा पार बसलाय. आणि दिवसभरात मी कुणाशी धड बोललोही नव्हतो.